डबल बेल ताईच्या हातात

फेब्रुवारीत ताईची ॲलर्जीची टेस्ट झाली. हातावर चौदा थेंब, चौदा टोचण्या. ती रडली नाही असं मी लिहिणार नाही, कारण ती रडली. कापूरहोळला रडली. कापूरहोळ कुठून आलं ते पुढे येईलच.

मी एसटीत कंडक्टर आहे, बारा वर्षं झाली. घर वाईला. ताई म्हणजे आमची थोरली लेक, वय सात. धाकटा तिला ताई म्हणतो, म्हणून सगळं घरच तिला ताई म्हणायला लागलं. दीड वर्षाची असल्यापासून तिच्या कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे इसब आहे. अडीच वर्षांची असताना पहिल्यांदा छाती भरली. रात्रीची वेळ, ती आईच्या मांडीवर, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ते मी अजून डोळे मिटले की बघतो. तेव्हापासून दम्याचा पंप, त्याला जोडायचा स्पेसरचा डबा, पावसाळा आला की नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून हुंगवणारं मशीन. तीनदा ॲडमिट करावं लागलं. त्या तिन्ही वेळी सलाइनसाठी शीर सापडेपर्यंत किती वेळा टोचलं ते मी मोजलं नाही, पण तिने मोजलं होतं. एकदा चार, एकदा दोन, एकदा पाच.

लोक म्हणतात, एवढे दवाखाने बघितलेलं पोर, त्याला आता सवय झाली असेल. तसं नसतं. ज्या मुलाने सुई कधी बघितलीच नाही ते नुसतं बावरतं. ताईला सगळं पाठ होतं. स्पिरिटचा वास आला, ट्रेचा आवाज झाला, कुणी हातमोजे चढवले, की तिला पुढचं सगळं आधीच दिसायचं.

पहिल्या टेस्टची गोष्ट सांगितल्याशिवाय दुसरीचं काही कळणार नाही. ती झाली त्याच्या आदल्या जूनमध्ये, पुण्यातच एका ठिकाणी. जाताना बसमध्ये मी तिला सांगितलं, "ताई, नुसते थेंब टाकणार आहेत. काही होत नाही." टोचतात हे मला माहीत होतं. तिला आधीच घाबरवायचं कशाला, एवढाच विचार केला. आत गेल्यावर तिला टेबलावर उताणं झोपवलं आणि मला सांगितलं, "हात घट्ट धरा." मी धरला. दुसऱ्या कुणी पाय धरले. ती टोचणाऱ्या माणसाकडे बघून ओरडत नव्हती, माझ्याकडे बघून ओरडत होती.

आणि वीस मिनिटांनी बघितलं तर हात कोरा. एकही गांध नाही. तिथल्या माणसाने शेवटच्या थेंबाच्या जागी बोट ठेवलं आणि विचारलं, "हिला काही औषध दिलंय का?" तो शेवटचा थेंब हिस्टामिनचा, म्हणजे कातडीवर खाज आणि गांध उठवणाऱ्या द्रव्याचा असतो. ॲलर्जी असो वा नसो, तो फुगलाच पाहिजे. तो फुगला नाही तर कातडीवर औषधाचा अंमल आहे, टेस्ट बाद. तिचं रोजचं ॲलर्जीचं सिरप आम्ही सांगितल्याप्रमाणे बंद केलं होतं. पण सर्दी झाली म्हणून लागोपाठ दोन रात्री मी तिला घरातलं सर्दीचं सिरप दिलं होतं. घरी येऊन बाटली बघितली. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, क्लोरफेनिरामिन. तेही ॲलर्जीचंच औषध. हिस्टामिनला अडवणारं. आम्हाला सर्दीच्या औषधाबद्दल कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण बाटली माझ्या हातात होती आणि मी वाचली नव्हती हेही खरं. म्हणजे पोरीला धरून चौदा वेळा टोचून घेतलं, ते सगळं फुकट.

परतीच्या गाडीत खंबाटकी घाट चढताना ती म्हणाली, "पप्पा, तू थापा मारल्यास."

पुढे कितीतरी दिवस तिने मला पंप देऊ दिला नाही. आईकडून घ्यायची, आजीकडून घ्यायची. मी जवळ गेलो की हात फ्रॉकखाली.

ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांच्यासाठी टेस्टची माहिती इथे देऊन ठेवतो. हातावर किंवा पाठीवर वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवतात, धुळीतले किडे, झुरळ, परागकण, बुरशी, शेंगदाणा, दूध, अंडं, जे डॉक्टरांना योग्य वाटेल ते. मग प्रत्येक थेंबातून एका बारीक टोकाने कातडी जराशी टोचतात. टोक मिलिमीटरभर असतं, रक्त यायला नको असतं. पंधरा ते वीस मिनिटांनी बघतात. डास चावल्यासारखी गांध उठली तर पट्टीने मोजतात. सलाइनचा एक साधा थेंब असतो, त्याच्यापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगलं तर ते धरतात. ॲलर्जीची औषधं साधारण आठवडाभर आधी बंद करावी लागतात, नेमकी किती दिवस ते औषधावर आहे. दम्याचा पंप मात्र बंद करायचा नसतो. छाती शांत असेल तेव्हाच टेस्ट करतात. आणि फार क्वचित लागतं, पण अंगभर जोराची ॲलर्जी उठलीच तर द्यायचं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन शेजारी तयार असलं पाहिजे. म्हणून ही टेस्ट तशी सोय असेल तिथेच करावी.

दुसऱ्या वेळी आम्ही ज्या डॉक्टर मॅडमकडे गेलो त्यांनी पहिल्या भेटीत सुई बाहेरच काढली नाही. पूर्ण वेळ ताईशी बोलल्या. मागच्या वेळी काय झालं ते मी सांगायला लागलो तर मला थांबवलं, "तिला सांगू द्या." ताईने सांगितलं. मला मान वर करता येत नव्हती. मग मॅडमनी तिला एक गोष्ट सांगितली, की दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ब्लॅकली नावाचे एक डॉक्टर होते. गवताला फुलोरा आला की त्यांना शिंकांवर शिंका यायच्या. कशाने होतंय हे शोधायला त्यांनी परागकण घेऊन स्वतःच्याच हाताच्या ओरखड्यावर लावले. तिथे खाज सुटली, गांध उठली. ताई लगेच म्हणाली, "त्यांना कोणी धरलं होतं?" मॅडम म्हणाल्या, "कोणीच नाही. त्यांनी स्वतःच केलं. तुलाही कोणी धरणार नाही."

जाताना मॅडम मला एकट्याला म्हणाल्या, "तुम्ही तिला घरी काय सांगणार ते आधी मला सांगा." मी म्हटलं, थोडंसंच दुखेल असं सांगतो. त्या म्हणाल्या, थोडंसं की जास्त ते तुम्ही कशाला ठरवता? काय होणार ते सांगा, किती दुखलं ते तिला सांगू द्या. आणि टोचण्यापेक्षा खाजेचं जास्त सांगा, कारण वीस मिनिटं हाताला खाज सुटणार आणि खाजवायचं नाही, पोरांना ते टोचण्याहून अवघड जातं.

हे कुणी तरी मला आधी सांगायला हवं होतं असं वाटलं.

घरी मी माझ्याच हातावर बॉलपेनने दोन ओळींत चौदा ठिपके काढले. ताईच्या हातात ड्रॉपर दिला, पाण्याचे थेंब टाकायला, आणि दातकोरणी दिली, टोचायला. तिने मला अगदी मनापासून टोचलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपक्यावर काडी ठेवून तिने विचारलं, "हे कुठलं गाव?" मला आधी कळलंच नाही. मग हाताकडे बघितलं तर खरंच, मनगटापासून कोपरापर्यंत रस्ता, आणि रस्त्यावर थांबे.

मग आम्ही पुणे-वाई गाडी सोडली. स्वारगेट, पद्मावती, कात्रज, खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ, किकवी, सारोळा, शिरवळ, खंडाळा, घाट, वेळे, सुरूर फाटा, वाई. बरोबर चौदा. वहीच्या पानांची तिकिटं तिनेच फाडली, तिनेच नंबर घातले.

एसटीत गाडी कुणाच्या हातात असते, तर स्टिअरिंग ड्रायव्हरकडे, पण डबल बेल कंडक्टरकडे. दोन टोल पडल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि एक टोल पडला की ड्रायव्हरला थांबावं लागतं. मी हे काम रोज करतो, पण माझ्या पोरीच्या हातात कधी काही नव्हतं हे मला त्या दिवशी दिसलं. इंजेक्शन कधी, कुठल्या हाताला, सलाइन किती वेळ, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. मी तिच्या सायकलची घंटी पान्याने सोडवून काढली. मॅडमना फोन केला आणि विचारलं, चालेल का? ताईने दोनदा वाजवली की टोचायचं, एकदा वाजवली की थांबायचं. त्या म्हणाल्या, चालेल, पण एक लक्षात ठेवा, ती थांब म्हणाली तर खरंच थांबावं लागेल. नाहीतर घंटी नेऊच नका.

औषध बंद केल्यानंतरचे सात दिवस टेस्टहून वाईट गेले. हे कुणी बोलत नाही. आधीच इसब, त्यात सिरप बंद. दिवसा शाळेत भागायचं, रात्री अंथरुणात हातपाय तापले की खाज चढायची. नखं अगदी मुळापर्यंत कापली. मॉइश्चरायझर फ्रिजमध्ये ठेवलं, गार लावलं की तिला बरं वाटायचं. ओला पंचा पिळून कोपराच्या घडीवर ठेवायचा, गरम झाला की परत ओला करायचा. चौथ्या रात्री एकच्या सुमाराला ती रडायला लागली, "सिरप दे ना रे पप्पा." मी उठून कपाटापर्यंत गेलो होतो. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, सहन झालं नाही किंवा छाती भरली तर खुशाल द्या, टेस्ट पुढे ढकलता येते, आणि अगदीच जमलं नाही तर रक्तातूनही तपासता येतं. मी तिलाच विचारलं. देतो, पण मग गाडी रद्द. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गार क्रीम लाव." पहाटे तीनला झोप लागली. तिची आई दुसऱ्या दिवशी तशीच कामावर गेली.

या वेळी घरातल्या सगळ्या बाटल्या मी उजेडात धरून वाचल्या होत्या. दोन सर्दीच्या निघाल्या, त्या माळ्यावर टाकल्या.

टेस्टच्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. मॅडमनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावून आकडा बघितला, हाताला कुठे इसब नाही ना ते पाहिलं. मग विचारलं, टेबलावर बसणार की पप्पांच्या मांडीवर? ताई म्हणाली, मांडीवर. माझ्याकडे तोंड करून, पाय दोन्हीकडे टाकून बसली, डावा हात उशीवर बाजूला पसरलेला. उजव्या हातात घंटी. मी तिला मिठीत घेतलं होतं, पण हात धरला नव्हता. तिला हवा तेव्हा काढून घेता आला असता.

सिस्टरनी आधी माझ्या हाताला एक नवं कोरं टोक टोचून दाखवलं. ताईने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "मुंगी चावल्याएवढं." तिने मान डोलावली, बघू या अर्थाने.

चौदा थेंब पडले. मग शांतता. सिस्टर टोक धरून थांबल्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो, तिचं हृदय माझ्या छातीवर आपटत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ट्रिंग ट्रिंग. स्वारगेट.

"काळी मुंगी," ती म्हणाली. पद्मावती, कात्रज, खेड शिवापूर, प्रत्येक ठिकाणी दोनदा घंटी आणि मग टोचणी. नसरापूर फाट्याला तिचा श्वास जोरात व्हायला लागला. कापूरहोळला तिने घंटी दिली, टोचल्यावर "आई गं" म्हणाली आणि रडू फुटलं, आणि रडता रडता एकदाच वाजवली. ट्रिंग.

सिस्टरचा हात जिथल्या तिथे थांबला. टोक खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले. मॅडम पेन टेबलावर ठेवून नुसत्या बसल्या. कुणी "झालंच आता" म्हणालं नाही, कुणी "शहाणी ना तू" म्हणालं नाही. मी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ताई माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली. मग मान वळवून सिस्टरकडे बघितलं, त्या खरंच थांबल्यात का ते. थांबल्या होत्या. तिने शेंबूड पुसला, माझ्या खांद्याला. मिनिटभर गेलं असेल. मग ट्रिंग ट्रिंग.

किकवीपासून वाईपर्यंत गाडी कुठेही थांबली नाही.

नंतरची वीस मिनिटं मी त्या दिवसातली सगळ्यात लांब धरतो. पाचव्या मिनिटालाच वाई फुगायला लागली, कारण हिस्टामिनचा थेंब तिथे होता. मी आधीच सांगून ठेवलं होतं की वाई फुगलीच पाहिजे, नाहीतर मागच्यासारखं होईल. ती गांध वर येताना बघून तिला आनंद झाला. मग खेड शिवापूर आणि नसरापूर फाटा लालबुंद. खाज अशी सुटली की ती पाय आपटायला लागली. मी तिकिटं काढली. प्रत्येक गावाला कोण उतरलं, कोण चढलं, कुणाकडे सुट्टे नव्हते, ते तिने सांगायचं. सिस्टर आजूबाजूला हलकेच फुंकर घालत होत्या. शिरवळला एक आजी कोंबडी घेऊन चढली, तिचं तिकीट काढायचं की नाही यावर पाच मिनिटं गेली.

मग पेनने गोल काढले आणि पट्टी लावली. स्वारगेट शून्य, तिथे सलाइन होतं. वाई सहा मिलिमीटर. खेड शिवापूर नऊ, नसरापूर फाटा आठ. हे दोन्ही घरातल्या धुळीतल्या किड्यांचे प्रकार, डोळ्यांना न दिसणारे, गादी-उशीत राहतात आणि आपल्या अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतात. शिरवळ पाच, ते झुरळ. सारोळ्याला काँग्रेस गवत होतं. माझा सगळा संशय त्याच्यावर. गव्हाबरोबर बाहेरून आलं म्हणतात, आणि १९५० च्या दशकात ते पुण्यात ठळकपणे दिसायला लागलं. आमच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच माजलेलं. सारोळा अगदी सपाट निघालं.

घाटावर शेंगदाणा होता. तिथे तीन मिलिमीटर. मी लगेच म्हटलं, बंद करतो. मॅडमनी विचारलं, खाते का ती? खाते, रोज. कूट घातल्याशिवाय आमच्याकडे भाजी होत नाही. कधी काही झालं? कधीच नाही. मग बंद करायचं नाही, त्या म्हणाल्या. कातडीवर गांध उठणं म्हणजे शरीर त्या गोष्टीला ओळखतं एवढंच. खाऊन त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे, आणि गांध किती मोठी यावरून त्रास किती मोठा तेही ठरत नाही. पाहुण्या-शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही चार वर्षं तिचं दही, केळं बंद ठेवलं होतं. तिथेही सपाट. परत येताना स्वारगेटला तिने दोन केळी खाल्ली.

हात पुसला, बर्फाची पिशवी ठेवली, सिरप दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं.

खरी अडचण घरी आली. ताई आजीच्या गोधडीशिवाय झोपत नाही. माझ्या आईने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, जाड, वर्षाकाठी एकदा नदीवर धुतली जाणारी. किड्यांना याहून चांगलं घर नाही. आईला कसं सांगायचं ते मला कळेना. ताईनेच सांगितलं, हात दाखवून. "आजी, खेड शिवापूर तुझ्या गोधडीत आहे." आई रात्रभर काही बोलली नाही. सकाळी बंब पेटवलेला होता. किडे मरायला पाणी साठ अंशाच्या आसपास लागतं, हात घालवत नाही असं. तेव्हापासून दर रविवारी गोधडी कढत पाण्यात जाते. जाड होती म्हणून आईने ती उसवून दोन पातळ केल्या, एक अंगावर, एक दोरीवर. गादी-उशीला डॉक्टरांनी सांगितलेली घट्ट विणीची खोळ घातली. दमा गेलेला नाही. पंप चालू आहे. या पावसाळ्यात ॲडमिट करावं लागलं नाही.

त्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीने परतलो. माझ्याच डेपोची गाडी, ओळखीचा कंडक्टर. ताई खिडकीशी, बाही वर सरकवलेली. प्रत्येक थांब्याला ती हातावरचा पेनाचा गोल शोधायची. "कात्रज, काही नाही." "खेड शिवापूर, अजून आहे." कापूरहोळला गाडी थांबली तेव्हा तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली. तिथे उतरणारी एकच बाई होती, पिशव्या सांभाळत सावकाश उतरत होती. ती उतरून बाजूला झाली तरी आमचा कंडक्टर पुढच्या सीटवर तिकीट फाडत उभा.

ताईने पिशवीतून घंटी काढली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ट्रिंग ट्रिंग.

ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि गाडी काढली.